रात्री एक वाजता ताबा का सुटतो?

पत्राचा सारांश : २६ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने २०२० च्या कोरोना लॉकडाऊनमध्ये लिहिलं आहे. तिला सहा वर्षांपासून बुलिमिया (ताबा सुटून भरमसाट खाणं आणि मग उलटी वगैरे करून त्याची भरपाई करणं, हा आजार) आहे. गेल्या वर्षी समुपदेशन सुरू केल्यावर सलग चार महिने चांगले गेले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, ती भाड्याची खोली सोडून आईवडिलांकडे आली, समुपदेशकांचं केंद्र बंद झालं आणि सगळं पुन्हा सुरू झालं. सकाळी नुसती कॉफी, दुपारी दोनला लॅपटॉपसमोर चार घास, रात्री घरच्यांसोबत मोजकं जेवण. आणि एकच्या सुमाराला सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्यानं, अंधारात, हाताला लागेल ते. मग उलटी. आठवड्यातून चार-पाच वेळा. टंचाईच्या भीतीने घरात महिन्याभराचं सामान भरलेलं आहे. पाकिटं संपताहेत हे आईच्या लक्षात आलं आणि तिने कपाटाला कुलूप लावलं. ‘एवढी शिकलीस आणि ही कसली खा-खा?’ असं ती म्हणाली. उलटीचं तिला माहीत नाही. ‘माझं वजन नॉर्मल आहे. दवाखान्यांत लोकांना श्वास मिळत नाही, तिथे मी कोणत्या तोंडाने जाऊ? लॉकडाऊन उठला की मी सावरेन. तोपर्यंत खाण्यावर ताबा ठेवायचा काही उपाय सांगा,’ असं तिचं म्हणणं आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात ‘ताबा’ हा शब्द पानोपानी आहे. सकाळच्या खाण्याबद्दल मात्र एकच ओळ आहे, तीही जाता जाता लिहिलेली: ‘सकाळी कॉफीवर भागतं.’ मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण रात्री एकचं संकट तिथूनच सुरू होतं.

हिशोब करून बघ. रात्री एकला उलटी झाली. त्यानंतर कॉफी, आणि थेट दुपारी दोनला चार घास. म्हणजे तेरा तास शरीराला जवळपास काहीच मिळालेलं नाही. दुपारचं ताट तू ‘कालची भरपाई’ म्हणून अर्धवट सोडतेस. रात्री आई समोर बसलेली असते, म्हणून तिथेही मोजून. दिवसा काम आणि घरातली वर्दळ यांत भूक दाबली जाते, पण ती कुठे जात नाही. मग घर शांत होतं, दिवसभर स्वतःला आवरून मन थकलेलं असतं, आणि चार पावलांवर महिन्याभराचं सामान असतं. त्यानंतर जे होतं त्याला तू हावरटपणा म्हणतेस. ही उपाशी ठेवलेल्या शरीराची वसुली आहे, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीतही ती अशीच होते.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ तरुण पुरुषांना २४ आठवडे नेहमीच्या साधारण निम्म्या आहारावर ठेवलं होतं. शरीराने आणि मनाने निरोगी अशीच माणसं त्याने मुद्दाम निवडली होती. काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय विषय उरला नाही. कोणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, कोणी एकेका घासावर रेंगाळू लागले. ते चिडचिडे झाले, माणसं टाळू लागले. आणि पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींचा ताबा असा सुटला, की पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक भागल्यासारखं वाटेना. तुझ्या रात्री वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

दुसरी समजूत भरपाईची. उलटी काढली की खाल्लेलं पुसलं गेलं, असं वाटतं. तसं होत नाही. उलटीने पोट पूर्ण रिकामं होत नाही, आणि बिंज (ताबा सुटून एका वेळी भरमसाट खाणं) सुरू असतानाच काही अन्न पुढे सरकलेलं असतं. बाहेर नक्की काय जातं, तर पाणी, क्षार आणि पोटातलं आम्ल. शिवाय उलटीची वाट मोकळी आहे हे मनात असलं की बिंज मोठा होतो. ‘नाहीतरी काढायचंच आहे’ या विचारानेच दुसरं पाकीट फुटतं. उलटी खाण्यानंतर येते खरी, पण खाण्याला परवानगी तिनेच आधी दिलेली असते. ज्यांना उलटीऐवजी जुलाबाच्या गोळ्यांची सवय आहे त्यांनीही हे वाचावं: अन्नातली ऊर्जा मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते, आणि या गोळ्यांचं काम बहुतेक करून मोठ्या आतड्यात चालतं. काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते. बरेच महिने रोज घेत असाल, तर कशा थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

म्हणून ताबा ठेवण्याचा उपाय मी सांगणार नाही. घड्याळ लावून खाण्याचा सांगते.

बुलिमियावर ज्या मानसोपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे तो म्हणजे सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा उपचार). ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी त्याची जी पद्धत बांधली, तिचं सुरुवातीचं मोठं पाऊल नियमित खाणं हे आहे. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. तुझ्यासाठी ते असं बसेल: सकाळी साडेआठला नाश्ता, साडेअकराला काहीतरी छोटं, दुपारी दीडला जेवण, साडेचारला पुन्हा छोटं, रात्री आठला जेवण आणि साडेदहाला शेवटचं छोटं खाणं. हे साडेदहाचं खाणं तुला सर्वांत नकोसं वाटेल. रात्री एकला स्वयंपाकघरात जाणाऱ्या माणसाने नेमकं तेच चुकवायचं नसतं.

किती खायचं? पहिले दोन आठवडे ‘काय’ आणि ‘किती’ यांच्याशी झगडू नकोस, ‘केव्हा’ तेवढं पाळ. अंदाजच हवा असेल तर ज्याचं खाण्याशी भांडण नाही अशा घरातल्या मोठ्या माणसाचं ताट बघ आणि तेवढं वाढून घे. मधल्या वेळी एक फळ आणि मूठभर दाणे, किंवा कपभर दूध आणि सोबत काहीतरी चावून खाण्यासारखं. नुसती कॉफी हे खाणं धरायचं नाही. उष्मांक मोजणारं ॲप फोनमध्ये असेल तर काढून टाक.

या टप्प्यावर भुकेला विचारायचं नाही. भूक नसली तरी वेळ झाली की खायचं, आणि भूक असली तरी पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. विचित्र वाटेल, पण सहा वर्षांच्या उपास-बिंज-उलटीच्या चक्रात भूक आणि तृप्ती यांचे इशारे बिघडलेले असतात. ते सावरायला काही महिने लागतात. तोपर्यंत घड्याळावर चाल.

सहाच्या सहा वेळा पहिल्याच दिवशी जमवायला जाऊ नकोस. पहिला आठवडा फक्त सकाळचा नाश्ता, रोज. तो बसला की साडेअकराचं, मग दुपारचं. दिवसाच्या सुरुवातीकडून पुढे सरकत जायचं, रात्रीपासून मागे नाही. रात्रीपासून सुरुवात करणारे बरेच जण लवकरच सोडून देतात, कारण पाया न घालता ते छप्पर टाकायला जातात.

आणि चुकणार, हे आत्ताच धरून चाल. नाश्ता नीट झाला, दुपार नीट गेली आणि तरी रात्री बिंज झाला, उलटीही झाली, तर करायचं एवढंच, की पुढचं ठरलेलं खाणं वेळेवर आणि पूर्ण खायचं. सकाळी साडेआठला गळ्याशी आल्यासारखं होईल, स्वतःची शिसारी येईल, ‘आज काही खायचा मला हक्क नाही’ असं वाटेल. तरी खा. तिथे नाश्ता सोडलास की पुढच्या रात्रीचा बिंज तू सकाळीच पेरलास. या सगळ्या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेव.

सोबत एक वही ठेव. पानावर चार रकाने: वेळ, काय खाल्लं, कुठे आणि कसं (बसून की उभ्यानं, एकटी की कोणासोबत), आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं. बिंज झाला असेल तर समासात फुली, उलटी झाली असेल तर ‘उ’. आकडे लिहायचे नाहीत, ना वजनाचे, ना उष्मांकांचे. खाल्ल्या खाल्ल्या लिही. रात्री आठवून लिहिलेली वही आरोपपत्र होते, तिचा उपयोग होत नाही. दहा-बारा दिवसांनी पानं उलटशील तेव्हा फुल्यांच्या आधी काय होतं ते दिसेल: लांबलेली दुपार, बाबांशी झालेली वादावादी, व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा न्याहाळत घालवलेला तास. (कॉलमध्ये स्वतःची चौकट लपवायची सोय असते, ती वापर. दिवसभर आरशासमोर बसून कोणाचंच बरं होत नाही.)

पहिल्या काही आठवड्यांत शरीर घाबरवेल. पोट फुगेल, थोडंसं खाऊनही घशापर्यंत भरल्यासारखं वाटेल, कारण अनियमित खाण्याने पोट रिकामं होण्याची गती मंदावलेली असते. नियमित खाणं हाच त्यावरचा उपाय आहे, हे त्या वेळी पटत नाही. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या थांबवल्या की घोट्यांवर, चेहऱ्यावर सूज येऊ शकते आणि काटा अचानक वर जातो. ते धरून ठेवलेलं पाणी असतं आणि सहसा काही आठवड्यांत उतरतं. फार जणी इथेच घाबरून परत फिरतात. म्हणून वजनाचा काटा आईकडे दे, आणि आठवड्यातून एका ठरावीक दिवशी एकदाच बघ. पाणी, मीठ, पाळी यांमुळे रोजचं वजन हलतच असतं, त्यातून काही कळत नाही.

आता रात्र. आठच्या जेवणानंतरचा पहिला तास सर्वांत अवघड असतो, तो रिकामा ठेवू नकोस. घरच्यांसोबत बैठ्या खेळाचा डाव, मैत्रिणीला फोन, हात गुंतलेले राहतील असं काहीही. त्या तासात आंघोळ नको आणि बाथरूमच्या शेजारच्या खोलीत एकटं बसणंही नको. साडेदहाचं खाणं मात्र ताटलीत घेऊन, दिवा लावून, खुर्चीत बसून खा. बिंज अंधारात, उभ्यानं आणि पाकिटातून होतो. या तिन्ही गोष्टी उलट्या केल्या की मेंदूला हे वेगळं खाणं आहे हे कळायला मदत होते.

तरी एक वाजता ओढ आलीच तर तिच्याशी भांडू नकोस आणि तिचं ऐकूही नकोस. ओढ चढते, टोकाला जाते आणि उतरते. बहुधा वीस-तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो. फोनवर वीस मिनिटांचा गजर लाव, स्वयंपाकघरातून बाहेर पड, वहीत एक ओळ लिही: ‘१.१०, ओढ, दहापैकी आठ.’ गजर झाला की पुन्हा आकडा लिही. खाल्लंसच, तर उलटी अर्ध्या तासाने पुढे ढकल, मग आणखी अर्ध्या तासाने. पुढे ढकललेल्या उलट्यांपैकी काही होतच नाहीत, आणि सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे. घरात व्यायामाच्या नावाखाली रात्री दीड-दीड तास उड्या मारणंही ही भरपाईच आहे. एक दिवस चुकला तर अपराधी वाटतं का, हे स्वतःला विचार, म्हणजे उत्तर मिळेल.

तू लिहितेस, वजन नॉर्मल आहे, म्हणून डॉक्टरांकडे कशाला. ही समजूत तुझ्या जिवावर बेतू शकते, म्हणून इथे मी सौम्य राहणार नाही. बुलिमिया असलेल्या बहुतेकांचं वजन नॉर्मल किंवा त्याहून थोडं जास्त असतं. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असायला हवं. ते फार खाली गेलं की हृदयाची लय बिघडते, आणि त्याची आधी कल्पना येईलच असं नाही. आठवड्याला चार-पाच उलट्या म्हणजे या आठवड्यात रक्त तपासायलाच हवं: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन. सोबत एक ईसीजी. नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर सांगता येईल, ‘मला बुलिमिया आहे, आठवड्यातून चार-पाच वेळा उलटी करते, हृदयाची काळजी वाटते, या तपासण्या लिहून द्या.’ तोंडाने बोलवत नसेल तर हेच वाक्य मेसेज करून पाठव. रक्त तपासणीने कोणा कोरोनाच्या रुग्णाची खाट अडत नाही. उलट आज कमी झालेलं पोटॅशियम सापडलं तर उद्याची अतिदक्षता विभागातली खाट वाचते. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर ‘बघ, मला काही झालेलं नाही’ असा अर्थ काढू नकोस. त्या दिवशी त्या सुईत जे आलं तेवढंच तो सांगतो.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं, हातापायांत गोळे, मुंग्या किंवा एकदम आलेला अशक्तपणा, उलटीत रक्त, उलटीनंतर छातीत जोराची कळ, दिवसभर पाणीही न टिकणं, किंवा जगू नये असे विचार: यांपैकी काहीही झालं तर लॉकडाऊन असो, रात्र असो, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं आणि उलट्यांचं तिथे स्पष्ट सांगायचं. मधुमेह असून वजनासाठी इन्सुलिन टाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

औषधांबद्दल तीन गोष्टी. एक, कोरोनाच्या भीतीने कोणाच्या सांगण्यावरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा अझिथ्रोमायसिन घरी घेऊ नकोस. दोन्ही औषधं हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकतात आणि पोटॅशियम कमी असताना तो धोका वाढतो. दोन, कोणी नैराश्यावरचं औषध देत असेल तर उलट्यांबद्दल आधी सांग. ब्युप्रोपियॉन बुलिमियात देत नाहीत, कारण फिटचे झटके येण्याची भीती असते. फ्लुओक्सेटिन मात्र बुलिमियात वापरतात, बहुधा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तीन, रात्री घेतलेली गोळी दोन-तीन तासांत उलटीवाटे निघून जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळीही. रोजच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्याव्यात हे डॉक्टरांना विचारून ठरव. पोटॅशियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नकोस. उलटीनंतर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, घोटाघोटाने घेता येतं. आणि लगेच दात घासू नकोस: आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण ब्रशने खरवडलं जातं. नुसत्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भर आणि तासाभराने घास.

राहिली आई. तिच्या कुलपावर तू चिडली आहेस, आणि तिच्या नजरेने बघितलं तर तिच्याकडे दुसरं साधन तरी काय होतं? तिला निम्मीच गोष्ट माहीत आहे. पाकिटं संपतात एवढं दिसतं, त्याला ती खा-खा म्हणते. कुलूप मात्र चालणार नाही. ‘मिळणार नाही’ ही भीती बिंजला खतपाणी घालते, आणि कुलूपबंद घरातला बिंज कच्च्या, गोठवलेल्या, टाकून दिलेल्या अन्नाकडे वळतो. म्हणून तिला उरलेली निम्मी गोष्ट सांग. जेवणाच्या वेळी नाही, रात्रीच्या प्रसंगानंतरही नाही. सकाळी, दोघींची कामं सुरू होण्याआधी, दहा मिनिटं. समोर बोलणं जमणार नसेल तर लिहून दे. असं काहीसं:

‘आई, मला बुलिमिया नावाचा आजार आहे. सहा वर्षं झाली. रात्री खाण्यावरचा ताबा सुटतो आणि नंतर मी उलटी काढते. तू काही चुकवलंस म्हणून हे झालेलं नाही. मी डॉक्टरांशी बोलतेय. तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. सकाळी साडेआठला माझ्यासोबत नाश्त्याला बस. रात्री जेवण झाल्यावर तासभर माझ्याजवळ राहा, गप्पा मार, खाण्याचं सोडून. आणि माझ्या ताटाबद्दल, वजनाबद्दल काही बोलू नकोस, कौतुकाचंही नाही.’

कौतुकाचंही नाही, हे मुद्दाम लिहिलं आहे. ‘आज छान जेवलीस’ हे वाक्य आजारी मनाला ‘आज जास्त खाल्लंस’ असंच ऐकू येतं. आई रडेल, रागावेल, एखाददोन दिवस गप्प राहील. सहा वर्षांची बातमी तिला एका सकाळी मिळालेली असेल, तिला वेळ दे. कुलपाच्या जागी दोघींनी मिळून तात्पुरती सोय करा: ज्या दोन-तीन पदार्थांवर नेहमी बिंज होतो ते सध्या मोठ्या पाकिटांत आणायचे नाहीत, लहान आणायचे, आणि सामान महिन्याऐवजी आठवड्याचं भरायचं. यादी पोट भरलेलं असताना करायची. हे पदार्थ कायमचे बंद करायचे नाहीत. पुढे उपचारांत ते ठरवून, थोडे थोडे, परत आणायचे आहेत. आणि आईने बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं नाही. त्याने पहारा वाढतो, विश्वास तुटतो आणि उलटी बंद होत नाही.

समुपदेशकांचं केंद्र बंद आहे म्हणजे समुपदेशक बंद आहेत असं नाही. त्यांना आजच विचार की फोनवर किंवा व्हिडिओवर सत्र घेतील का. घरात सगळे असताना बोलायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. हेडफोन लावले की समोरच्याचं कोणाला ऐकू जात नाही, फक्त तुझं जातं. तेवढ्यापुरती उत्तरं टाइप करून पाठवता येतात. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावता येतो. ‘उलटी’साठी दोघींत एक भलताच शब्द ठरवता येतो. जुन्या समुपदेशक नसतील तर नव्या व्यक्तीला पहिल्या फोनमध्ये सरळ विचार: खाण्याच्या विकारांवर सीबीटी करता का, पहिल्या काही आठवड्यांत काय करायला लावाल? उत्तरात नियमित खाणं आणि वही या दोन गोष्टी यायला हव्यात. ‘आधी बालपणात जाऊ, खाण्याचं नंतर बघू’ असं कोणी म्हणालं तर दुसरं दार ठोठाव. ब्रिटनमधल्या नाईस या, उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत मोठ्यांच्या बुलिमियासाठी पहिली पायरी म्हणून सीबीटीवर आधारलेल्या पुस्तकाच्या मदतीने स्वतः काम करणं आणि सोबत १६ आठवड्यांत वीस-वीस मिनिटांची चार ते नऊ छोटी सत्रं, असं सुचवलं आहे. चार आठवड्यांत गुण दिसला नाही तर पूर्ण सीबीटी, साधारण २० सत्रं. वीस मिनिटांचं बोलणं फोनवर होऊ शकतं, हे तुझ्यासारख्या अडकलेल्यांच्या दृष्टीने मोठं आहे.

लॉकडाऊन उठला की आपोआप सावरशील? मला तसं वाटत नाही. बुलिमिया सहा वर्षांचा आहे, लॉकडाऊन काही महिन्यांचा. लॉकडाऊनने तुझ्याकडून ठरलेल्या वेळा नेल्या, सहकाऱ्यांसोबतचं दुपारचं जेवण नेलं, आठवड्याचं सत्र नेलं, आणि झाकपाक करायला लागणारं अंतरही नेलं. पहिल्या तीन गोष्टी घरात परत उभ्या करता येतात. चौथी गेली ते एका अर्थी बरंच झालं. शिवाय बाहेर पडायची तारीख जवळ आली की ‘लोक मला इतक्या महिन्यांनी बघणार’ ही भीती येते आणि पुन्हा सकाळचं खाणं सुटतं. ती भीती येण्याआधी घड्याळ बसलेलं बरं.

हे पत्र वाचणाऱ्यांत ज्यांना बिंज होतो पण उलटी वगैरे नाही, त्यांनी वेळापत्रक आणि वही जशीच्या तशी घ्यावी. त्यांचाही हा आजारच आहे, आणि पुरुषांनाही तो होतो. ज्यांचं खाणं उलट दिशेला गेलं आहे, म्हणजे ‘चालणारे’ मोजके पदार्थ बाजारात मिळेनासे झाल्यामुळे जे जवळपास उपाशी आहेत, त्यांनी मात्र पाचेक दिवस किंवा त्याहून जास्त अगदी कमी खाल्लेलं असेल, किंवा वजन फार उतरलं असेल, तर घरच्या घरी एकदम भरपूर खायला सुरुवात करू नये. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवाला धोका होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावं, आणि आधी फोन करावा.

आज संध्याकाळी तुला करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. डॉक्टरांना मेसेज. वही आणि पेन स्वयंपाकघराच्या टेबलावर. उद्याच्या नाश्त्याची ताटली, वाटी, चमचा आत्ताच काढून ठेव, म्हणजे सकाळी ठरवायला काही उरणार नाही. साडेआठचा गजर लाव. आणि आज रात्री पुन्हा तेच झालं, तरी तो गजर बंद करू नकोस.